पान वजनावर, विड्या मोजून

“मुद्दाम चुकवालीस व्हय गं?”

माधवीनं मागून विचारलं तशी तेजस्वी दचकली. तिच्यासमोर संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती.

निपाणीच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्रात मागं पडणाऱ्या मुलांचा जादा तास माधवी कित्येक वर्षं घेत होती. त्यासाठी रोज चिकोडीहून बसनं यायची. यंदा कॉलेजनं संगणक आणले. गणितं मुलं त्यावरच सोडवायची, तपासायचाही तोच. माधवीनं नुसतं लक्ष ठेवायचं.

“मॅडम, बरोबर आलं की नुसतं हिरवं हुतंय. चुकलं की कारण सांगतंय. मला कारण पायजे.”

माधवीला गंमत वाटली. तिच्या तासालाही बरोबर उत्तर आलं की ती पुढं सरकायची. तिनं खुर्ची ओढली.

“चुकव बघू आणखी. काय म्हणतोय बघूया.”

दोघी चुकवत राहिल्या. मग प्रश्न आला : चार ग्रॅम हायड्रोजनचं पूर्ण पाणी व्हायला ऑक्सिजन किती ग्रॅम लागेल? तेजस्वीनं दोन लिहिलं.

‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’ बाकी काहीच नाही.

“हे मुद्दाम न्हवतं, मॅडम,” तेजस्वीचा आवाज उतरला. “समीकरणात हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. मग चाराला दोनच की.”

ही नेमकी कुठं अडली, हे संगणकाला कळलंच नव्हतं. माधवी विचारात पडली.

“तुझी आई विड्या वळती न्हवं? कारखान्यातनं पान कसं मिळतंय?”

“वजनावर.”

“आणि विड्या कशा घेतात?”

“मोजून.” तेजस्वी पडद्याकडं बघत राहिली. “म्हंजे समीकरणातलं दोन आन् एक ही मोजणी हाय? वजन न्हवंच?”

“मग आता एकेकाचं वजन धर.”

तेजस्वीनं कागदावर आकडेमोड केली : हायड्रोजनच्या दोन रेणूंचं वजन चार, ऑक्सिजनच्या एकाचं बत्तीस. तिनं बत्तीस लिहिलं. पडदा हिरवा झाला.

माधवी तडक प्राचार्यांकडं गेली. “सर, चुकीच्या उत्तराला आपल्याला कारण घालता येतं का?”

“शिक्षकांना येतं,” प्राचार्य म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. “पण मॅडम, पुढच्या टर्मपासून जादा तास बंद होणार. सगळं संगणकावरच. तुम्हाला सांगणारच होतो.”

माधवीनं पर्समधून पेन काढलं.

“पासवर्ड तेवढा द्या,” ती म्हणाली.

टर्म संपेपर्यंत ती मुलांच्या शेजारी बसून विचारत राहिली, “असं का वाटलं रं तुला?” मुलं आधी लाजली, मग भडाभडा बोलू लागली. ऐकलेली प्रत्येक चूक आणि तिचं कारण ती साध्या मराठीत संगणकात घालत गेली.

शेवटच्या दिवशी तास सुटला तरी काही मुली पडद्यासमोरच होत्या. कोपऱ्यातली एक मुलगी, मंजुश्री, एकदम मोठ्यानं हसली.

“आगं बया! ह्या कंप्युटरला विडीचं कसं म्हाईत?”

चारपाच जणी तिच्या पडद्याभोवती गोळा झाल्या, तशी ती त्यांना वाचून दाखवू लागली. माधवी दाराबाहेर चपला घालत होती. आतलं वाचन संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग बस स्टँडकडं चालू लागली.