बुधाजीचं गाऱ्हाणं

"काका, यंदा गाऱ्हाणं तुम्ही घाला. बाबांना नको," प्राची दारातूनच म्हणाली.

शामरावांनी पेपर बाजूला ठेवला. प्राची म्हणजे शेजारच्या बुधाजीची सून. काळाचौकीच्या या चाळीत गणपती विसर्जनाला निघण्याआधी कोकणच्या रीतीने गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याच्या मागे उभं राहायचं. गिरण्या चालू होत्या तेव्हापासून हा मान बुधाजीचा. पण वर्षभरात त्याचं विसरणं फार वाढलं होतं.

"परवा भाजीवाल्याकडे आईंसाठी केळफूल मागत होते. आईंना जाऊन तीन वर्षं झाली, काका. चारचौघांत असं काही बोलले तर? कोणीतरी मोबाइलवर काढणार, ग्रुपवर टाकणार. लोक हसतील हो."

"आणि घालू दिलं नाही तर?"

"तर जेवणार नाहीत. सकाळपासून धोतर काढून ठेवलंय."

अशा वेळी शामरावांची बुद्धी फार खुलायची. अख्खी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम त्यांनी फुकटात चालू ठेवलं. माणूस तल्लख, यात वादच नाही. बिल्डरच्या करारातली मेख चाळीत सगळ्यांआधी त्यांनीच ओळखली होती. पण हाच गृहस्थ एका शोकसभेत, वक्ता 'ऐंशी वर्षांचं कृतार्थ आयुष्य' म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतून उठून 'अठ्ठ्याहत्तर' म्हणाला होता. शामरावांच्या पत्नी सरोजिनीबाई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेल्या होत्या.

"त्यात काय एवढं," शामराव म्हणाले. "त्याचं गाऱ्हाणं मला तोंडपाठ आहे. मी शेजारी उभा राहतो. घसरला की लगेच सुधारतो."

प्राचीला हायसं वाटलं. ती गेली तशा सरोजिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चूक तुम्हाला सगळ्यांच्या आधी दिसते, कबूल. पण दिसली की बोललीच पाहिजे का? देवाने बुद्धी पोतंभर दिली आणि शहाणपण देताना हात आखडला."

"मग काय, त्याचं हसं होऊ देऊ?"

बाई खोबरं किसत राहिल्या.

शामरावांना ते लागलं. बुधाजीच्या अब्रूसाठीच तर हा खटाटोप होता. गावाहून नोकरीला आले तेव्हा पहिली दोन वर्षं ते बुधाजीच्या बायकोच्या, गंगुबाईंच्या हातचं जेवले होते. त्या घराचं वाईट ते कसं चिंततील?

संध्याकाळी सगळी चाळ खालच्या चौकात जमली. बुधाजी कडक धोतरात देवापुढे उभा राहिला. शामराव त्याच्या कानाशी. समोर दोन-चार मोबाइल वर झाले, तशी प्राचीने मान खाली घातली.

"बा देवा गणपती म्हाराजा," बुधाजीने सूर लावला. तोच जुना, खणखणीत आवाज. "आज जी काय ही लेकरां तुज्या पायाकडे उभी आसत, त्येंची सेवा मानून घे. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"चाळीची नवी बिल्डिंग होतली. त्येच्यात कोणाक रस्त्यार टाकू नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

शामराव खूश झाले. एक अक्षर चुकलं नव्हतं.

"आणि माज्या गंगूच्या गुडघ्यात कळा येतत. जिनो चढताना मधीच बसता ती. तिका बरा कर, रे म्हाराजा."

मागे कोणीतरी खुसखुसलं. प्राचीने शामरावांकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

बुधाजी होकाराची वाट पाहत थांबला होता. होकार येईना, तसा त्याचा चेहरा उतरू लागला. काहीतरी आपल्या हातून निसटलंय, एवढं त्याला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. तो शामरावांकडे वळला.

शामरावांच्या ओठांवर दुरुस्ती तयार होती. 'गेल्या रे त्या.' तीन शब्द, आणि तिन्ही खरे. पण त्यांना गंगुबाई दिसल्या. जिन्यात बसलेल्या, गुडघा चोळणाऱ्या, 'जेवलास काय रे?' विचारणाऱ्या. ही बातमी बुधाजीला पुन्हा एकदा, भर चौकात, आपण द्यायची?

"व्हय म्हाराजा," शामराव म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "व्हय म्हाराजा!"

मागून सरोजिनीबाईंचा आवाज आला, मग प्राचीचा, आणि मग सगळ्या चौकाने होकार दिला. वर झालेले मोबाइल एकेक करून खाली आले.

गाऱ्हाणं संपलं. मूर्ती उचलायची गडबड सुरू झाली. शामराव प्रसादाच्या पुड्या वाटत होते. बुधाजी त्यांच्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "शामराव, माजा काय चुकला नाय मा?"

"काय चुकलं नाही रे."

बुधाजी समाधानाने हसला. पुडी घेतली, तरी जिन्याकडे बघत हात पुढेच ठेवून उभा राहिला.

शामरावांनी दुसरी पुडी बांधली, त्यात खोबरं थोडं जास्त घातलं, आणि त्याच्या हातावर ठेवली.