सेल्वी कुठंय?

शुभदा बर्मिंगहॅमहून आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा खेळणी जास्त होती. कॉलेज संपलं होतं, नोकरी लागायची होती, तोवर कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं तिच्या मनानं घेतलं. वडिलांच्या ओळखीतून बेंगळुरातलं अनुसूया अक्कांचं बालगृह सापडलं. ते मारतहळ्ळीत होतं, आणि मारतहळ्ळी तेव्हा खेडंच होतं. नाचणीची शेतं, वीटभट्ट्या आणि त्यांच्यामध्ये हे कौलारू घर. पाळण्यातली आणि नुकती चालायला लागलेली मिळून वीसेक मुलं तिथं वाढत होती.

अक्कांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकी मिसळलेली की पहिल्या दिवशी शुभदाला निम्मं बोलणं कळलंच नाही. पण मुलांची खरी आई अक्का नव्हत्या, सेल्वी होती. धर्मपुरीकडची तमिळ बाई, तिशीची, आडव्या हाडाची, तोंडानं फटकळ. स्वतःचं मूल गेल्यावर ती इथं कामाला आली आणि इथलीच झाली. दोन वर्षांची मल्ली तर तिच्या कडेवरून उतरायलाच तयार नसे.

पहिल्याच आठवड्यात सेल्वी अक्कांकडून उचललेल्या मराठीत शुभदाला म्हणाली, "तुमी लोक येतंय. पोरांना लळा लावतंय. जातंय. मग पोर रडतंय, ते कोण बघतंय? मी."

शुभदाला राग आला. बोलणं खरं होतं म्हणूनच जास्त आला. त्यानंतर दोघी कामापुरतं बोलत.

एक्क्याण्णव सालचा डिसेंबर होता. कावेरीच्या पाण्याचा, तमिळनाडूच्या बाजूचा निकाल सरकारनं जाहीर केला आणि शहर पेटलं; तमिळ माणसांना शोधून मारायला लागले. त्या सकाळी अक्का तापानं फणफणलेल्या एका बाळाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेल्या होत्या. दुपारी त्यांचा फोन आला.

"बस जाळतायत गं. मला येता येत नाही. सेल्वीला आत ठेव. कुणी विचारलं तर गावी गेली म्हण. बसवंतला फाटक लावायला सांग, सरी? बरं का?"

लपायचं म्हटल्यावर सेल्वी भडकली. "मी काय चोरी केलं?"

"तुझ्यासाठी नाही, मुलांसाठी जा," शुभदा म्हणाली. मग सेल्वी मल्लीला घेऊन स्वयंपाकघरामागच्या गोधड्यांच्या खोलीत गेली. शुभदानं बाहेरून कडी लावली नाही, नुसतं दार ओढून घेतलं.

मुलं जेवून झोपली होती. रस्त्यावरून आधी आरडाओरडा ऐकू आला, मग माणसं दिसली. हातात काठ्या, सायकलच्या साखळ्या, एकाकडे रॉकेलचा डबा. सगळ्यांच्या पुढे पद्मनाभ. रोज सकाळी बालगृहाला दूध घालणारा, दूध ओतता ओतता एखाद्या पोराचा गाल ओढणारा पद्मनाभ.

म्हातारा राखणदार बसवंत फाटकाला पाठ लावून उभा राहिला. "आत लेकरं झोपलीत रे," एवढंच तो म्हणाला. पहिली काठी त्याच्या कानावर बसली. तो खाली पडला तरी ते थांबले नाहीत. लाथा घालत राहिले, तो हलायचा बंद होईपर्यंत. कुलूप तोडायला त्यांना वेळ लागला नाही.

खिडक्या फुटल्या. औषधांचं कपाट उपडं झालं. सगळी मुलं एकदम जागी होऊन रडायला लागली. शुभदा पाळण्यांच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून उभी होती. पद्मनाभ तिच्यासमोर आला. मोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, "सेल्वी कुठंय?"

"गावी गेली."

त्यानं थोबाडीत मारली. तिचा ओठ दातात सापडून फाटला.

"माझ्या भावाची लॉरी जाळली त्या तमिळ लोकांनी, होसूरच्या पलीकडे. तो जिवंत आहे का मेला, मला माहीत नाही. सेल्वी कुठंय?"

"खरंच नाही इथं."

पद्मनाभनं शेजारच्या पाळण्यात हात घातला. पाळण्यात चार महिन्यांची मुलगी होती. त्यानं तिला एका पायाला धरून वर उचललं. डोकं खाली, अंगडं छातीवर घसरलेलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती आ वासून श्वास घ्यायला धडपडत राहिली.

"आता बोल," तो म्हणाला.

दाराच्या आतच स्टोव्हवर दुधाच्या रिकाम्या बाटल्या पाण्यात उकळत होत्या. शुभदानं मोठं पातेलं दोन्ही हातांनी धरलं, फडकंही न घेता, आणि सगळंच्या सगळं त्याच्या तोंडावर फेकलं.

तो ओरडला तसा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. त्याचा हात सुटला. मुलगी पाळण्याच्या कठड्यावर आपटली आणि तिथून फरशीवर. क्षणभर तिचा काहीच आवाज आला नाही. मग ती किंचाळली. तिचा पाय मांडीतून भलतीकडेच वळला होता.

ती किंचाळी ऐकून सेल्वी बाहेर आली. हातात नारळ फोडायचा कोयता. ती सरळ चालत आली, बाळाच्या आणि गर्दीच्या मध्ये उभी राहिली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "मी इथं आहे. या."

एक जण पुढे सरला. कोयता त्याच्या दंडात घुसला. भिंतीवर, पाळण्यांवर रक्त उडालं. मग चारी बाजूंनी काठ्या सुरू झाल्या. सेल्वीचा हात काडकन मोडलेला शुभदाला ऐकू आला. कोयता पडला. शुभदा बाळावर पालथी पडली होती. तिच्या पाठीवर साखळी बसत होती, आणि प्रत्येक फटक्याला तिच्या मनात एकच विचार येत होता, की आपला भार या पोरीच्या पायावर पडू नये.

पद्मनाभ डोळे दाबत भिंतींवर आपटत फिरत होता. "दिसत नाही, मला दिसत नाही." त्याचे दोन सोबती त्याला ओढत बाहेर घेऊन गेले. ते गेले तशी बाकीच्यांची हिंमत ढिली पडली. रस्त्यावर पोलिसांच्या जीपचा भोंगा वाजला तेव्हा जाता जाता कुणी तरी व्हरांड्यात रॉकेल ओतून काडी लावली. मोडका हात पोटाशी धरून सेल्वी आणि सोलवटलेल्या हातांची शुभदा, दोघींनी मिळून मुलं मागच्या शेतात नेली. गोधडीत दोन-दोन, तीन-तीन, जशी सापडतील तशी. व्हरांडा जळून गेला. घर वाचलं.

बसवंत जगला, पण त्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. बाळाच्या पायाला प्लास्टर घातलं. फौजदार चौकशीला आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "झटापटीत पातेलं कलंडलं."

"कलंडलं नाही," शुभदा म्हणाली. "मी फेकलं."

फौजदारानं पेनला टोपण लावलं. "त्याची तक्रार नाही. केली तर तो इथं कशाला आला होता, ते सांगावं लागेल. आणि तुमचा पासपोर्ट इंग्लंडचा. मी काहीच ऐकलं नाही."

तिला मात्र राहवेना. हातांवर पट्ट्या बांधलेल्या असतानाच ती सरकारी दवाखान्यात गेली. पद्मनाभच्या चेहऱ्यावर मलम थापलेलं होतं. एक डोळा गेला होता. तिचा आवाज त्यानं ओळखला.

"मी पोरीला मारणार नव्हतो," तो म्हणाला. "नुसती भीती घालत होतो."

"ते मला कसं कळणार?"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"तिचा पाय मोडला," शुभदा म्हणाली. "तू धरला होतास आणि मी पाणी फेकलं. दोघांनी मिळून मोडला." माफी मागायची असं ठरवून ती आली होती. तिथं उभं राहिल्यावर तिला कळलं, की तिला माफी मागायची नाही आणि करायचीही नाही. ती निघून आली.

संचारबंदी उठली तशी सेल्वी म्हणाली, "मी जातंय." त्या दिवसांत हजारो लोक होसूरच्या रस्त्यानं तमिळनाडूकडे निघाले होते. अक्कांनी तिला थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

मल्लीला कळलं होतं. सेल्वीच्या पदराची गाठ मुठीत धरून ती बसली होती, भाताला तोंड लावत नव्हती. अक्कांनी भाताचं ताट उचलून ठेवलं. मल्ली कायद्यानं सेल्वीची कुणीच नव्हती.

"मी देवापाशी बसते," अक्का शेवटी म्हणाल्या. "मला उठायला स्वल्प वेळ लागेल. शुभदा, तू हिला होसूर रस्त्यापर्यंत सोडून ये."

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे लॉरी उभी होती. तीत गाठोडी, कोंबड्या, बायका, म्हातारी माणसं. प्लास्टरमधल्या हातानं सेल्वीला मूल उचलता येत नव्हतं. ती आधी वर चढली, मग तिनं साबूत हात खाली केला.

शुभदानं मल्लीला उचललं. हातांची कातडी अजून ओली होती, पट्टीतूनही झोंबलं. वर पोचताच मल्लीनं सेल्वीच्या गळ्याला मिठी मारली, मागं वळून पाहिलं नाही.

"पायवाल्या पोरीला नाचणीची पेज दे," सेल्वी म्हणाली. "पातळ. मीठ नको."

"देईन."

लॉरी सुटली. शुभदा बस येईपर्यंत तिथंच धुळीत उभी राहिली. मग परत जाऊन तिनं पेजेसाठी स्टोव्ह पेटवला.