रुस्तमचं औषध

सारंगखेड्याच्या इंद्रसिंग बापूंना कोणाचं दुःख बघवत नसे. विशेषतः घोड्याचं.

त्यांच्या रुस्तमच्या पुढच्या पायाला लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा बापू चार दिवस धड जेवले नाहीत. घोड्यांच्या यात्रेसाठी आलेल्या सरकारी घोडाडॉक्टरांना त्यांनी घरी बोलावून आणलं. डॉक्टर म्हणाले, "पाय बांधू, चार माणसं अंगावर बसवू आणि गाठ कापून टाकू. पाच मिनिटांचं काम आहे." बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुका जीव शे, साहेब," ते म्हणाले. "त्याले कळ नका दिऊ."

मग डॉक्टरांनी पेटीतून क्लोरोफॉर्मची बाटली काढली.

क्लोरोफॉर्म म्हणजे काय, हे तेव्हा गावात कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सावकाश सांगायला हवं. पाण्यासारखं दिसणारं, गोडसर वासाचं ते एक औषध. फडक्यावर टाकून नाकाशी धरलं की जीव झोपी जातो आणि कापलं तरी त्याला समजत नाही. बाटलीचं बूच उघडं राहिलं तर मात्र औषध हवेत उडून जातं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजायला पुरे आहे.

रुस्तम झोपला. गाठ निघाली. थोड्या वेळाने रुस्तम उठला आणि चंदी खाऊ लागला. ओट्यावरच्या मंडळींनी "वा, वा" केलं. माजघराच्या खिडकीच्या फटीतून आणखी एक जण हे बघत होतं. बापूंची सून कमलबाई.

तसे त्या घरात मुके जीव दोन होते. सुनेने सासऱ्यासमोर तोंड दाखवायचं नाही आणि आवाजही काढायचा नाही, असा त्या घराचा रिवाज होता. चार वर्षांत कमलबाईने बापूंपुढे एक शब्द उच्चारला नव्हता. माहेरी आई नसल्यामुळे तिचं पहिलं बाळंतपण इथेच झालं, तेव्हा मात्र अडीच दिवस तिचा आवाज साऱ्या गल्लीने ऐकला. पण त्या आवाजात शब्द नव्हते, म्हणून रिवाज मोडला असं कोणी धरलं नाही. मूल मेलेलं जन्मलं. बापूंनी ते कपाळावर बोट ठेवून देवाकडे सोपवलं आणि रुस्तमला फिरवायला घेऊन गेले.

त्याच कमलबाईला काही महिन्यांनी पुन्हा दिवस गेले. ते भरणार होते नेमके पुढच्या यात्रेच्या सुमारास. तिने नवऱ्याला, करमसिंगला, एकदाच सांगितलं.

"रुस्तमले जे दिधं, ते मले बी आनी दे. नही तं मी तापीमा जासू, पन त्या खोलीमा जाव नही."

करमसिंग शूर माणूस होता. बापू घरात नसले म्हणजे तो काहीही कबूल करत असे. त्याने हेही केलं.

यात्रेत दरवर्षी नवापूरकडच्या एका मिशनचा दवाखाना तंबू ठोकून बसे. तिथे रेवाबाई नावाची नर्स होती. तिकडच्याच डोंगरातली, कोकणी आदिवासी घरात जन्मलेली, मिशनच्या शाळेत शिकलेली. त्यामुळे ती आमच्या शाळेच्या पुस्तकासारखं मराठी बोलायची. यात्रेच्या तिसऱ्या दिवशी पहाटे कमलबाईला कळा सुरू झाल्या आणि उजाडताच करमसिंग रेवाबाईला बैलगाडीतून घेऊन आला. तिच्या पिशवीत क्लोरोफॉर्मची एक लहान बाटली होती.

ओट्यावर बापू आणि त्यांचे स्नेही प्रेमचंद शेठ चहा पीत बसले होते. गावात बायकांच्या बाळंतपणाविषयी या दोघांएवढी माहिती कोणालाच नव्हती.

"काय शे त्या बाटलीमा?" बापूंनी विचारलं.

करमसिंगने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "गुंगीनं औषध शे, बापू. घोडाले दिधं व्हतं, तेच."

बापूंनी बशी खाली ठेवली. "मन्हा घरनी वहू बेसुद पडीसन बाळंत व्हई? आरे, कळ सोसाबिगर पोरनी माया लागत नही!"

"खरं शे," प्रेमचंद शेठ म्हणाले. मागच्याच महिन्यात दाढ काढून घेताना त्यांना तिघांनी धरलं होतं आणि तरी त्यांनी वैद्याचा अंगठा चावला होता. "आनि बाईले शुद्धच नही, तं पोऱ्या तिनाच शे हाई तिले कसं समजी?"

"खोलीत बाळंत होणारी एकच बाई आहे, शेठ," रेवाबाई म्हणाली. "अदलाबदल होणार नाही."

"देवनी दियेल कळ शे ती."

"आमच्या धर्मातही काही जण असंच म्हणतात. अजून त्यांतला एकही बाळंत झालेला मी पाहिला नाही."

बापूंनी मग शेवटचा पुरावा काढला. दारात उभ्या असलेल्या आपल्या पत्नीकडे, फुलवंताबाईंकडे, त्यांनी बोट केलं. "हिनी आठ बाळंतपणं करात. तोंडमाईन एक शब्द निंघना नही. इचारा!"

फुलवंताबाईंना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "तोंडमा पदरना बोळा व्हता. शब्द कोठून निंघी?"

बापूंनी हे उत्तर आपल्या बाजूचं धरलं.

रेवाबाई शांतपणे म्हणाली, "मला आधी तिला तपासू द्या. आणि हे औषध निरुपद्रवी आहे असं मी कोणाला सांगत नाही. थेंब जास्त पडले तर जिवाला धोका आहे. म्हणून घ्यायचं की नाही, हे जिचा जीव आहे तिला विचारायचं असतं. विचारलंय कोणी?"

दोन्ही जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. असलं काही विचारायचं असतं, हे त्यांच्या कानांवर प्रथमच येत होतं.

शेवटी बापूंनी न्याय दिला. नर्सबाई आत जाईल, बाटली जाणार नाही. बाटली ओट्यावरच्या कोनाड्यात राहील आणि कोनाड्याखाली स्वतः बापू बसतील. राजवाड्याला पहारा असतो तसा.

आत गावची सुईण छबूबाई होतीच. दोघींनी मिळून कमलबाईला तपासलं. छबूबाईने पहिल्या खेपेलाही हेच पोट हाताळलं होतं, ती खाली मान घालून म्हणाली, "मागलासारखंच शे, बाई." मुलाचं डोकं वाकडं बसलं होतं. हात घालून ते फिरवावं लागणार होतं. जागेपणी तो हात कमलबाईला सोसणार नव्हता आणि अंग आवळलं तर डोकं फिरणार नव्हतं.

"मला झोपवशील ना?" असं काही कमलबाईने विचारलं नाही. तिने रेवाबाईचं मनगट धरलं आणि फक्त, "बाटली?" म्हटलं.

"बाहेर आहे," रेवाबाई म्हणाली. "धोका तुला सांगितला. तरी हवी?"

"हवी."

रेवाबाई बाटली मागायला तीनदा बाहेर येऊन गेली. तीनदा बापूंनी मायेविषयीचं तेच वाक्य ऐकवलं. करमसिंगचा अंगठा एव्हाना बराच खोल गेला होता.

दुपार झाली तरी काही होईना, तेव्हा छबूबाईने जुना उपाय सांगितला. बाई अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या, कुलपं काढायची, झाकणं उघडायची. घर मोकळं झालं की कूस मोकळी होते, असा समज.

"एक बी गाठ बांधेल ऱ्हावाले नको!" ती आतून ओरडली.

"सोडा," रेवाबाई म्हणाली. "त्याने काही बिघडायचं नाही."

रेवाबाई हुशार होती, पण तिची बापूंशी ओळख नवी होती.

बापू कामाला लागले. सुनेसाठी आपणही काही करत आहोत, या विचाराने त्यांना हुरूप आला होता. त्यांनी पेट्यांची कुलपं काढली. लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधलेले दादरे सोडले. गाडीचे सोल, ते जाड दोर, सोडले. स्वतःच्या अंगरख्याचे बंद सोडले. प्रेमचंद शेठच्या पागोट्याला गाठ नसताना तेही उलगडलं. तंबाखूची डबी उघडली. मग कोनाड्याकडे नजर गेली. तिथली बाटली बंद होती. बापू रिवाजाचे पक्के. त्यांनी तिचंही बूच उपटलं आणि बाटली उन्हात ओट्याच्या कडेला नीट ठेवली.

आता एकच गाठ राहिली होती. रुस्तम.

रुस्तमला बापूंशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. बापूंनी त्याच्या मागच्या पायांचे दोर सोडले, पुढचा दोर सोडला आणि प्रेमाने मानेवर थाप मारली. यात्रेचं मैदान तिथून हाकेच्या अंतरावर होतं आणि मैदानात दीडेकशे घोड्या होत्या. त्यांतली एक त्याच वेळी खिंकाळली. बाळंतपणाच्या रिवाजाशी रुस्तमला देणंघेणं नव्हतं, त्याला स्वतःची कामं होती. तो उधळला. बापूंनी आयाळ सोडली नाही. वीस पावलं ते रुस्तमबरोबर गेले, तीही बहुतेक हवेतून. मग त्यांचा देह खाली आला. उजवा हातही आला, पण खांद्यातून निखळून.

"मरी गऊ वं माय!"

मग जो आवाज सुरू झाला, तो कमलबाईच्या मागच्या अडीच दिवसांना लाजवील असा होता. करमसिंगने आणि प्रेमचंद शेठनी त्यांना ओट्यावर आणून निजवलं. रेवाबाई धावत बाहेर आली आणि तिने खांदा चाचपला.

"निखळला आहे. ओढून बसवावा लागेल. दुखेल."

"ती बाटली!" बापू ओरडले. "पहिले ती बाटली लई या! मले झोपाडा, मंग ओढा!"

"बाटली तर या घरात चालत नाही ना?"

"चालस! चालस! कोन म्हनस चालत नही?"

"बरं," रेवाबाई म्हणाली. "म्हणजे बाटली या घरात चालते, हे ठरलं." तिने वळून कोनाड्याकडे पाहिलं आणि मग ओट्याच्या कडेला. बाटली अर्धीअधिक रिकामी होती. बूच तंबाखूच्या डबीशेजारी पडलं होतं. ओट्यावर गोडसर वास येत होता. तिने बूच घट्ट लावलं आणि बाटली उजेडात धरली.

"हे कोणी उघडलं?"

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे गेल्या.

"आता एकालाच पुरेल. तेही जपून."

"मंग मले द्या!" बापू म्हणाले. "मन्हा जीव चालना! बायास्ले सोसानी सवय ऱ्हास!"

दारात फुलवंताबाई उभ्या होत्या. आत कमलबाईची कळ नुकतीच ओसरली होती. पुढची येईपर्यंत मध्ये थोडी शांतता असते. त्या शांततेत दाराआडून एक आवाज आला. दमलेला होता, पण स्पष्ट होता. पाच वर्षांत बापूंनी तो शब्दांसकट प्रथमच ऐकला.

"बापू, कळ सोसाबिगर घोडानी माया लागत नही! बाटली आठे लई या, आत्याबाई."

प्रेमचंद शेठ पागोटं गुंडाळता गुंडाळता थांबले. करमसिंगचा अंगठाही थांबला.

फुलवंताबाई ओट्यावर आल्या. रेवाबाईच्या हातातून त्यांनी बाटली घेतली, पदराखाली धरली आणि आत नेली. उंबऱ्यात क्षणभर थांबून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बोळा पाहिजे का? पदर देस मी."

आत रेवाबाईने रुमालाची घडी कमलबाईच्या नाकावर धरली आणि थेंब मोजत टाकले. सात, आठ, नऊ. छबूबाई नाडी धरून बसली. रेवाबाईने तिला तेवढ्यात शिकवलं होतं आणि ती लगेच शिकलीही होती. कमलबाईची मूठ सैल पडली. रेवाबाईने हात घातला, डोकं फिरवलं. थोड्या वेळाने आतून एक बारीक, चिडका, जिवंत आवाज आला. मुलगी होती. फुलवंताबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या, यावेळी बोळ्याशिवाय.

कमलबाई शुद्धीवर आली तेव्हा तिने विचारलं, "रडनी का?" रडली, म्हणून सांगितल्यावर तिने मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर जो हात ठेवला, तो संध्याकाळपर्यंत काढला नाही. कळ न सोसता लागलेली माया ही अशी असते.

मग रेवाबाई हात धुऊन ओट्यावर आली. बाटलीत थेंब नव्हता. तिने वहाण काढली, बापूंच्या शेजारी जमिनीवर बसली, आपली टाच त्यांच्या काखेत घातली आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. बापूंच्या काखेत आजवर कोणाचा पाय गेला नव्हता. त्याबद्दल काही म्हणायला ते तोंड उघडणार, तेवढ्यात तिने ओढलं.

खांदा बसला. ती किंकाळी यात्रेत ऐकू गेली. तिकडे रुस्तमने म्हणे कान टवकारले आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

नंतर बापू ही हकीकत सगळ्यांना सांगत. खांदा बसवताना आपण एक शब्द काढला नाही, असं सांगत. ते खरंच होतं. त्यात शब्द नव्हते.

दोन वर्षांनी कमलबाईला पुन्हा दिवस भरत आले. यात्रा लागली, तंबू उभा राहिला. बापूंनी रुस्तमचे दोर स्वतः तपासले, एकेक गाठ वाढवली आणि करमसिंगला हाक मारली.

"नर्सबाईले सांग, यावेळे दोन बाटल्या लई ये."

"दोन काबरं, बापू?"

बापूंनी उजवा खांदा डाव्या हाताने चोळला. "घरमा मुका जीव शेत. काय भरोसा?"

माजघरात कोणीतरी मोठ्याने हसलं. सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानी पडायचा नाही, हा त्या घराचा रिवाज, त्यामुळे बापूंना तो ऐकू आला नाही. ते रुस्तमकडे बघत राहिले.