दहा कोयत्यांची नोंद

सर्व वाचकांस नम्रपणे कळविण्यात येते की, एका अपराधी यंत्राचे निवेदन खाली देण्यात येत आहे. ते शांतचित्ताने वाचावे.

मित्रांनो, मी एक जुने मोजणीयंत्र आहे. अंगठ्याने खटका दाबला की माझ्या काचेतील आकडा एकाने वाढतो. मी जत्रांमध्ये भाविक मोजले, मतदारांच्या रांगा मोजल्या. हे यंत्र कधी चुकत नाही, अशी माझी ख्याती होती व तिचा मला गर्व होता.

यंदा दसऱ्यानंतर पाटोद्याकडील रस्ता पुलासाठी खोदण्यात आला. वाहने तासन्‌तास खोळंबू लागली. त्यात वाहनधारकांचे किती नुकसान होते याचा अंदाज काढण्यास प्रविण नावाचे सर्वेक्षक मला घेऊन आले. रीत अशी की, वाहनातील माणसे मोजायची, वाया गेलेल्या वेळाने गुणायची आणि तासाचा दर लावायचा. मालाचा रकाना निराळा. बेरीज पुरेशी भरली, तरच बाजूने मुरमाचा वळणरस्ता होणार होता. अन्यथा चार महिने हीच अवस्था.

भर दुपारी ताडपत्रीने झाकलेली एक ट्रॉली येऊन थांबली.

"आत काय आहे?" प्रविण यांनी विचारले.

"दहा कोयते हायत, साहेब," मुकादम परमेश्वर ट्रॅक्टरवरूनच म्हणाले.

माझ्यावर अंगठा पडलाच नाही. मालाच्या रकान्यात लिहिले गेले: कोयते, नग दहा. नासण्याजोगे नाहीत. नुकसान शून्य.

अडीच तासांनी पाणी मागायला ट्रॉलीतून शिवकन्याबाई उतरल्या. कडेवर तान्हे लेकरू होते.

"दादा, आमाला धरलं ना मोजनीत? सासरे गावातच ऱ्हायलेत. आठवड्यातून दोनदा त्यांना रगत धुवाया, डायलिसिसला, ह्याच रस्त्यानं न्यावं लागतंय. वळनरस्ता झाला तर लई बरं व्हईल."

"तुमचे कोयते लिहिलेत, बाई."

झेंडी दाखवणारे अजिनाथ हसू लागले. "साहेब, ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडप्याला आमी एक कोयता म्हनतो. आत वीस मानसं हायत. लोखंडाला कावून तहान लागंल?"

प्रविण यांनी तक्ता पुन्हा उघडला. "सकाळपासून अशा किती ट्रॉल्या गेल्या?"

"अकरा."

मित्रांनो, माझी स्प्रिंग जागीच आखडली. हातभर अंतरावर वीस माणसे उकाड्यात बसली होती आणि माझ्या काचेत त्यांच्यातील एकही नव्हता.

प्रविण ट्रॉलीकडे गेले, त्यांनी ताडपत्री वर केली आणि एकेक तोंड पाहून मला दाबले. वीस झाले.

"आन् हे?" शिवकन्याबाईंनी लेकरू पुढे केले.

"पोरं कोयत्यात धरत न्हाईत," मुकादम म्हणाले.

अंगठा थांबला नाही. पाट्यांच्या, बोचक्यांच्या आडून आणखी पाच निघाली. आकडा सव्वीस झाला.

त्या सायंकाळी प्रविण यांनी भरलेला तक्ता फाडला, मुक्काम तीन दिवस वाढविला आणि प्रत्येक ताडपत्री उचलून नवी मोजणी केली. जाताना मला अजिनाथांकडे ठेवून गेले. पंधरवड्याने मुरूम पडला. वळणरस्त्यावरून पहिल्याच सकाळी शिवकन्याबाईंच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेणारी जीप गेली. ते पुढे, दाराशी, उजेडात बसले होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला दाबणाऱ्याएवढेच दिसते. म्हणून हात जोडून विनवितो, अंगठा ठेवण्याआधी आत डोकावून पाहा.

हे निवेदन माझ्या वतीने कागदावर उतरविणारे, आपले नम्र, अजिनाथ सटवा सानप, झेंडीवाले, मुक्काम शिरूर कासार. वाचकांनी वेळ दिला, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.