चौथ्या रिळाची तक्रार

मी सिनेमाचं चौथं रीळ बोलतंय, आणि माझं डोकं फिरलंय. मला न बघताच माझ्या सिनेमाची पार अब्रू काढली हो!

आम्ही सहा भावंडं. कॉम्प्युटरवर चित्रं हलवून बनवलेला, दिवाळीच्या सुट्टीतला लेकरांचा सिनेमा. नातवंडं गावी येतात, पण रुसलेले आजोबा त्यांच्याशी बोलत नाहीत. माझ्यात ते मुकाट्यानं संत्रं सोलतात आणि थरथरत्या हातानं एकेक फोड नातीच्या तळहातावर ठेवतात. राग जातो तो तिथं. ते हात केले मूर्तिजापूरच्या रुबीनानं, पुण्यात कॉम्प्युटरपुढं महिनोन्‌महिने बसून. आईला तिनं फोनवर तसं सांगूनही ठेवलं होतं.

म्हणून आई अकीला सगळा मोहल्ला घेऊन गावातल्या मोईजभाईंच्या टॉकीजमध्ये आली. पण दिवस भारनियमनाचे. शेतातल्या पंपाला वीज मिळेना, तिथं सिनेमाला कोण देतो? लाइन जायच्या आत खेळ संपवायचा म्हणून मोईजभाईंनी मला डब्यातच ठेवलं. "लेकराइले काय समजते," म्हणाले. अकीला बिचारी शेवटपर्यंत पोरीच्या कामाची वाट पाहत बसली.

त्याच खेळाला पेपरात परीक्षणं लिहिणारे गोपाळकृष्ण वकीलही आले होते. त्यांनी काय लिहावं? ‘आजोबांचा राग अचानक कुठे जातो, हे दिग्दर्शकालाच ठाऊक. संगणकाला काळीज नसते.’ अहो, काळीज डब्यात पडलं होतं ना! ते वाचून अकोला-अमरावतीत थेटराकडं कुणी फिरकेना. मोईजभाईंनी जाऊन आपली चूक सांगितली, तर वकीलसाहेब म्हणाले, "बरंच झालं. तसाही सिनेमा लांबलाच होता." आता काय बोलावं या माणसाला?

मोईजभाईंकडंही पुढचा खेळ झालाच नाही, सिनेमा उतरला. आज आमचे डबे अमरावतीला वितरकाकडं परत निघालेत. एसटी स्टँडवर अकीला धापा टाकत आली.

"मोईजभाई, मले माह्या पोरीचं काम पाहू द्या."

मोईजभाईंनी खाली मान घालून डबा उघडला, माझी हातभर पट्टी सोडवली. तिनं ती उन्हात धरली, डोळे बारीक केले.

"हे त रुबीनाच्या अब्बाचे हात हायेत," ती म्हणाली. "असेच थरथरत होते, शेवटी शेवटी."

कंडक्टर घाई करतोय, पण ती पट्टी सोडत नाही. वकीलसाहेब, मला वाईट म्हणा, हवं तेवढं म्हणा. पण आधी बघा तरी!