नदीपलीकडची जागा

रात्रभर कॉल सेंटरात हेडफोन लावून परमुलखातल्या लोकांच्या शिव्या झेलायच्या आणि सकाळी घरी जाऊन आडवं व्हायचं, हा लिगायाचा नेम. आज मात्र झोपेवर पाणी सोडून ती थेट गिलमोर रस्त्यावरच्या कॉम्प्युटर दुकानांत आली. सप्टेंबरपासून वाजणारी नाताळची गाणी कान किटवत होती. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण मनिलात कुणाला पटायची नाही. इथं वर्षाची हौस भागते तीच मुळी नाताळाआधी मिळणाऱ्या तेराव्या पगारावर.

तिची हौस म्हणजे एक शहर. लग्न झाल्यापासून ती आणि तिचा नवरा आर्सेनियो गेममध्ये ते वसवत होते. तो जहाजावर नोकरीला. ती चार रस्ते बांधून फाईल धाडायची. तो बंदरात नेट मिळालं की पूल, शाळा बांधून परत पाठवायचा. फाईल गेली की पाळी त्याची, मग ती कशाला हात लावत नसे. खरं घर काही होईना, पण तिथं तिच्या आईच्या नावाची पेठ होती. नदीपलीकडची जागा आर्सेनियोसाठी मोकळी होती.

पावसाळ्यात गेलेली फाईल अजून परत आली नव्हती. वस्ती फुगलीय, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर उघडतच नसेल, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. जानेवारीत तो सुट्टीवर यायच्या आत नवा घ्यायचा होता.

दुकानातल्या जोमरनं तिच्या पेनड्राइव्हवरचं शहर दोन लॅपटॉपांवर उघडलं.

"हे बघा मॅडम, ग्राफिक्स कार्ड एकदम भारी. पाणी कसं चमकतंय!"

"चमकतंय रे, पण बस कुठं हलतेय?"

"एवढ्या माणसांना चालवायचं म्हणजे प्रोसेसरचं काम. कार्ड नुसती रंगरंगोटी करतं. या दुसऱ्यात प्रोसेसर दांडगा, कार्ड बेताचं. दोन्ही दांडगी हवीत तर किडनी विका!"

दुसऱ्यावर पाणी गढूळ दिसत होतं, पण बस आली आणि तिष्ठत उभी असलेली माणसं चढली. लिगायाला बरं वाटलं. तरी नवऱ्याला विचारावं म्हणून तिनं फोन लावला. पलीकडे आर्सेनियोभोवती खलाशांचा गलका चालला होता.

"कार्डवालाच घे गं! आम्ही रोज संध्याकाळी गोळीबाराचा गेम खेळतो. घरी आलो की सराव राहील."

"आणि शहर?"

"कुठलं शहर? अच्छा, ते! तू अजून त्यातच अडकलीयस होय? अर्धं पाडून टाक ना, कुठल्याही डब्यावर पळेल." मागून कुणीतरी हाक मारली. "चल, ठेवतो."

लिगायाला रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं. वाईट मात्र फार वाटलं. इतके महिने ती मशीनला दोष देत बसली होती.

"काय म्हणाले साहेब?" जोमरनं विचारलं. "कार्डच ना?"

"प्रोसेसर दे."

"साहेबांना नाही आवडला तर?"

"तिथं मी एकटीच राहते," लिगाया म्हणाली.

जोमर बिल करायला गेला. तिनं स्टूल ओढलं, माउस हातात घेतला आणि नदीपलीकडे रस्ता आखायला सुरुवात केली.