थूल सिस्टरची रात्रपाळी
आमच्या लेआउटमध्ये रात्री दहाच्या ठोक्याला गेटला कुलूप लागतं ते एकाच घराचं. प्रेमदास थूल यांचं. जिल्हा परिषदेतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली, पण वेळेच्या बाबतीत ते अजून ऑफिसातच आहेत. पावणेदहाला दात घासायचे, दहाला कुलूप, दहा-पाचला घोरणं. मी समोर राहतो, त्यामुळे मिनिटांबद्दल खात्रीनं सांगू शकतो.

घर सावंगीत, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ. पूर्वी इथे संध्याकाळी सातनंतर कुत्री सोडून कोणी नसायचं. आता कॉलेजची मुलंमुली, ड्युटी संपवून आलेले डॉक्टर, पेशंटचे नातेवाईक, असा अख्खा रस्ता रात्री एक-दीडपर्यंत जागा असतो. ऑम्लेटच्या गाड्या, मोमोज, ज्यूस सेंटर, दोन पानठेले, आणि दर दोन दिवसांनी कोणाच्या तरी मोटरसायकलच्या सीटवर कापला जाणारा केक. प्रेमदासजींनी याविरुद्ध ग्रामपंचायतीला तीन अर्ज दिले होते. तिन्ही मुद्देसूद. वरच्या मजल्यावर फिजिओथेरपी शिकणाऱ्या तीन मुली भाड्यानं राहतात, त्यांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की रात्र झोपण्यासाठी असते.

त्यांच्या पत्नी धुरपताबाई नर्स होत्या. तेहेतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत गेली. मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या तेव्हा प्रेमदासजींना मनापासून आनंद झाला, की बिचारी आता सुखानं झोपेल. बिचारीला झोप येईना. दहा वाजले की डोळे टक्क उघडे, आणि शेजारी घोरणं चालू. प्रेमदासजींनी तळपायांना तेल लावून पाहिलं, शवासन शिकवलं, मग रोज रात्री हळद टाकून गरम दूध सुरू केलं. पंधरा दिवसांनी धुरपताबाई म्हणाल्या, आता छान झोप लागते. तेव्हापासून लेआउटमध्ये कोणालाही झोपेची तक्रार करायची सोय राहिली नाही. प्रेमदासजी लगेच हळदीचं प्रमाण सांगत.

मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेबाराला लाइन गेली, कूलर बंद पडला आणि प्रेमदासजींना जाग आली. शेजारी कोणी नव्हतं. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, टॉर्च घेऊन गच्ची पाहिली. गेटचं कुलूप लावलेलं होतं तसंच होतं आणि किल्ली त्यांच्याच उशीखाली होती. घाबरून त्यांनी वरच्या मुलींचं दार वाजवलं. मयुरी नावाची मुलगी मोबाइलच्या उजेडात अभ्यास करत बसली होती. तिनं शांतपणे सांगितलं, काकू शोभाबाईंच्या चहा-ऑम्लेटच्या टपरीवर असतील.

असतील म्हणजे काय, त्यांनी विचारलं. म्हणजे रोज असतात तशा, ती म्हणाली. आणि कुलूप? दुसरी किल्ली काकूंकडे असते. तिसरी आमच्याकडे, तीही काकूंनीच दिली. एवढं सांगून झाल्यावर मयुरीला वाटलं, आपण थोडं कमी बोलायला हवं होतं.

प्रेमदासजी बंडी-पायजम्यावर निघाले. इतक्या वर्षांत हा रस्ता या वेळी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. इन्व्हर्टरच्या दिव्यांखाली गर्दी होती. पांढरे कोट खांद्यावर टाकून पोरं पोहे खात होती. भांडण नाही, दारू नाही. अर्जात लिहिलेलं बरंचसं काही दिसत नव्हतं, आणि त्याचा त्यांना थोडा रागच आला.

शोभाबाईंच्या टपरीपुढे बाकावर चार माणसं बसली होती, आणि पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर, चष्मा लावून, धुरपताबाई. हातात कोणाची तरी फाइल. शोभाबाईंनी प्रेमदासजींकडे पाहिलं. विस्कटलेले केस, बंडी, चेहऱ्यावर चिंता. असे चेहरे त्या रोज पाहतात.

"बसा काका, सिस्टर सांगते सगळ्यायले नंबरानं," त्या म्हणाल्या. "तुमचा पेशंट कोणत्या वॉर्डात हाये?"

प्रेमदासजींनी आयुष्यभर लोकांना रांगेत बसवलं होतं. रांग दिसल्यावर ते बसले.

रांगेत पुढे समुद्रपूरकडच्या एका खेड्यातले तानबा नावाचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं, सकाळी पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन होतं. कागदावर अंगठा घेतला म्हणून ते हादरले होते. एवढं लिहून घेतात म्हणजे माणूस हाती लागत नसेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि तिच्यासाठी शेवटचं म्हणून बिस्किटाचे दोन पुडे घेतले होते. धुरपताबाईंनी त्यांना सावकाश समजावलं की तो कागद सगळ्यांकडूनच घेतात, आणि बिस्किटाचा एक तुकडाही आता तिच्या तोंडात जाता कामा नये, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. म्हाताऱ्यांनी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. मग ते पुडे त्यांनी तानबांनाच खायला लावले. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

हे ऐकताना प्रेमदासजींच्या लक्षात आलं की आपल्या बायकोचा हा आवाज आपण कधी ऐकलेला नाही. ती कामावर असायची तेव्हा ते झोपलेले असायचे.

त्यांचा नंबर आला. धुरपताबाईंनी मान खाली ठेवूनच हात पुढे केला.

"फाइल द्या. काय त्रास हाये?"

"झोप येत नाई," प्रेमदासजी म्हणाले.

धुरपताबाईंनी वर पाहिलं. मग चष्मा नीट करून विचारलं, "कवापासून?"

"अर्ध्या घंट्यापासून."

शोभाबाईंना काय ते उमगलं आणि त्यांनी घाईघाईनं कांदा कापायला घेतला.

ही हकीकत मला दोघांनीही सांगितली, वेगवेगळी. प्रेमदासजींच्या सांगण्यात रांग नाही. पण घरी परतल्यावरचं बोलणं दोघांचंही जुळतं. त्यांनी विचारलं, किती दिवस झाले. त्या म्हणाल्या, दहा महिने.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी दूध आणून देत होते ना रोज," धुरपताबाई म्हणाल्या. "लय बरं वाटे मले. झोप नाई येत म्हटलं असतं, तर तुमचं मन मोडलं असतं, अन् वरून दुसरा काई उपाय सुरू झाला असता."

दोन दिवस प्रेमदासजी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या रात्री मात्र दहा वाजता ते झोपले नाहीत. एकट्या बाईनं जाणं बरं नाही, मी सोडायला येतो, असं सांगून सोबत गेले आणि निषेध म्हणून टपरीकडे पाठ करून बसले.

निषेध पाऊण तास टिकला. तानबा पुन्हा आले होते. ऑपरेशन नीट झालं होतं, पण सरकारी योजनेच्या कागदांत नवीनच अडचण निघाली होती. आधार कार्डावर कौशल्याबाई, रेशन कार्डावर कौसाबाई. आता या दोघी एकच कशा हे म्हाताऱ्याला सांगता येईना, आणि धुरपताबाईंनाही हा आजार ठाऊक नव्हता. पाठमोऱ्या प्रेमदासजींनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्यांना राहवेना. त्यांनी खुर्ची वळवली, शेजारी पोहे खात बसलेल्या मयुरीच्या वहीतलं एक पान मागितलं आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं स्वयंघोषणापत्र लिहून काढलं. सोबत कोणती कागदपत्रं जोडायची, कोणत्या टेबलावर आधी जायचं, तेही सांगितलं. समासही सोडला होता. काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं.

तेव्हापासून बाकावरची माणसं दोन भागांत बसतात. दुखण्याची सिस्टरकडे, कागदाची साहेबांकडे. साहेब साडेअकराला जांभया देऊ लागतात, पण उठत नाहीत. ग्रामपंचायतीच्या अर्जांचं काय झालं, असं मी एकदा विचारलं. विषय प्रलंबित आहे, म्हणाले.

कौशल्याबाईंना सुट्टी मिळाली त्या संध्याकाळी गावची गाडी चुकली, म्हणून दोघं नवराबायको रात्री टपरीवर आले. बाई अजून वाकून चालत होत्या, पण त्यांना रातच्या सिस्टरला भेटायचंच होतं. दोघी बाया टाके, गुडघे आणि सुना यांवर तासभर बोलल्या. पुरुषांना बोलायला काही नव्हतं, म्हणून प्रेमदासजींनी तानबांना रस्ता दाखवायला घेतला. हा पोहेवाला किती वाजता येतो, मोमोज कशाचे असतात, ज्यूसवाला अंकुश किती मेहनती पोरगा आहे. सगळं स्वतःच वसवल्यासारखं. तानबा मान डोलवत होते. आमच्या गावात आठलेच सामसूम होते, असं ते म्हणाले.

"मंग झोप कशी लागते तुमाले?" प्रेमदासजींनी काळजीनं विचारलं.

तानबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, चांगली लागते.